सरांचा सर्व्हर

बोलायला बसलं की सर आधी समोरच्याचा मोबाईल उचलून टेबलाच्या खणात टाकायचे. "आता बोला, भाऊ." अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दारव्ह्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास, शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. त्यांची टिंगल करणं हा माझा जोडधंदा होता.

कपाशीवर अळी माजली आणि फवारणीवर फवारणी सुरू झाली, त्या वर्षी सरांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा चॅट सर्व्हर बसवला. तसाच दुसरा उमरखेडला, मित्राच्या घरी. दोन्ही एकमेकांशी बोलायचे, मधे कोणती कंपनी नाही. "आपलं बोलणं दुसऱ्याच्या घरी कायले ठेवाचं?" सर म्हणायचे. मी म्हणायचो, "सर, तुमचं बोलणं चोरून चोर खाईल काय?" ते हसायचे. फार साधा माणूस.

पण गिऱ्हाईक मिळालं. फवारणीचे मजूर. कोणतं औषध कशात मिसळलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, हातमोजे मागितले तर कोण हाकलतो, हे ते तिथे सांगायचे. लिहिणं जमत नसे, म्हणून बोलून, आणि टोपणनावानं. नाव फुटलं तर दुसऱ्या दिवशी काम बंद. सरांची अट एकच होती, "आवाज बाहेर गेला नाई पायजे. गावात माणूस आवाजानं वळखू येते."

कृषी केंद्राचे मालक पेढे घेऊन आले. "सर, कोण कोण हाये हो तुमच्या ग्रुपात?"

"मलेच मालूम नाई," सर म्हणाले. त्यांचाही मोबाईल खणात टाकला आणि पेढा खाल्ला.

मीही हट्टानं आत शिरलो होतो, टोपणनावानंच. मी कोण, हे फक्त सरांना ठाऊक. एके दिवशी एका मजुराचा आवाज आला. आधी ओकारी, मग खोकला, मग शेताच्या मालकाचं नाव घेऊन शिवी. बातमी सगळ्यांआधी आपण द्यावी ही माझी जुनी खाज. दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करून मी ती बायकोच्या भावाला पाठवली, त्यानं पुढे. संध्याकाळी कृषी केंद्रात ती वाजत होती आणि लोक त्या खोकल्याची नक्कल करून हसत होते.

त्या मजुराला पुन्हा कोणी शेतात उभं केलं नाही. डोळे अधू झालेलेच होते.

चार दिवसांनी मजूर क्लासवर चालून आले. पुढे त्याची बायको. "सर, तुमीच इकलं आमाले!"

सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी त्या गर्दीतच उभा होतो. एक नाव घेतलं असतं तर ते सुटले असते.

"चूक माही हाये," ते म्हणाले. सगळ्यांदेखत त्यांनी सर्व्हर पुसला, तारा काढल्या. बाई त्यांच्या तोंडावर थुंकली. मग कोणीतरी हात उचलला आणि सगळेच तुटून पडले. सर खाली बसले ते चष्मा शोधत.

दिवाळीआधी क्लासला कुलूप लागलं. ते कुठे गेले, कोणालाच माहीत नाही. मला माझी किळस येते, पण दुकान चांगलं चालतं.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी गर्दीतून "मारा याले" असं पहिल्यांदा ओरडला, तो मीच.