साक्षीदार क्रमांक चारच्या जिवाला धोका

कोर्टातले किस्से जमवावे लागत नाहीत. तारखेला जायचं, काम होत नाही, किस्सा तेवढा घेऊन परत यायचं. आम्ही ज्युनिअर वकील दादरला चहाला बसलो की एकेकाचे निघतात. माझे सगळे एकाच केसचे आहेत.

केस निलेशची. लालबागच्या चाळीतला, कुरियरवाल्यांकडे कामाला. गल्लीत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं आणि खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली निलेश आत गेला. त्याची आई पहिल्या दिवसापासून एकच सांगते, "माका ताप इललो. ह्यो माझ्या उशाक बसलेलो."

आरोपपत्राची प्रत मिळणं हा आरोपीचा हक्क, असं मी कॉलेजात शिकले. प्रत मिळाली, काळ्या मार्करने रंगवलेली. साक्षीदारांची नावं, पत्ते, काहींचे अख्खे जबाब काळे. मार्कर इतक्या जोमाने फिरवला होता की एफआयआरमधलं निलेशचं नावही गेलं.

आमच्या सरांनी कोर्टात विचारलं, "आरोपीचं नाव आरोपीपासून का लपवलंय?"

सरकारी वकील म्हणाले, "सुरक्षेचा प्रश्न आहे."

*

साक्षीदार क्रमांक चारचा जबाब म्हणजे पूर्ण काळं पान. फक्त तळाची ओळ सुटली होती: 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'

मी ते पान ट्यूबलाइटसमोर धरलं, मग खिडकीच्या काचेला लावलं. काही दिसेना.

सर म्हणाले, "सोड गं. बरोबर आहे म्हणतायत ना."

*

सीसीटीव्ही मागितला. दोन तारखा गेल्या, मग पेन ड्राइव्ह आला. मारामारी दिसत होती. चेहरे मात्र सगळ्यांचे धूसर केलेले.

सरांनी तपास अधिकाऱ्याला विचारलं, "यात निलेश कोणता?"

"हा, निळ्या शर्टातला."

"चेहरा कुठे दिसतोय?"

"ब्लर आम्हीच केलंय ना सर. आम्हाला माहीत आहे."

कोर्टात थोडा हशा पिकला. निलेश पिंजऱ्यात उभा होता. तो हसला नाही.

*

निलेशची आई म्हणाली, पोलिसांनी तिलाही विचारलं होतं, कोणीतरी लिहूनही घेत होतं. म्हणजे तिचा जबाब असणार. मी धावत अर्ज केला: आईचा जबाब द्या.

तपास अधिकारी फाइल चाळत म्हणाले, "मॅडम, यादीत त्यांचं नाव कुठे दिसतंय तुम्हाला?"

"यादीत कोणाचंच नाव दिसत नाहीये."

"तेच तर म्हणतोय मी."

*

जामिनाचा अर्ज फेटाळला, तो साक्षीदार चारमुळे. सरकारी वकिलांनी आवाज चढवून सांगितलं, "हा साक्षीदार आरोपीच्या अगदी जवळ राहतो. आरोपी सुटला, तर त्याच्या जिवाला धोका आहे."

बाहेर निलेशच्या आईने माझा हात धरला. "त्या चार नंबरवाल्याचा नाव सांग गो. मी पाया पडतंय तेच्या. माझो झील मुंगी मारूचो नाय."

"मावशी, आम्हालाही नाव दिलेलं नाही."

तिने घावनांचा डबा पुढे केला. निलेशसोबतच्या हवालदाराने तपासायचं म्हणून एक घावन खाल्लं, मग डबा निलेशकडे जाऊ दिला. धोका असलेला साक्षीदार कुठे सुखरूप बसला असेल, याचा विचार करत मी जिना उतरले.

*

शेवटी सर भांडले. मार्कर न फिरवलेली प्रत द्या, असा हुकूम झाला. अट एकच: ती फक्त वकिलांनी वाचायची. साक्षीदारांची नावं आरोपीला, त्याच्या घरच्यांना, कोणालाही सांगायची नाहीत. सांगितली, तर आमच्यावरच कारवाई.

आम्ही दोघांनी तिथेच सही केली. मी थेट चार नंबरचं पान काढलं.

'त्या वेळी मला ताप होता. माझा मुलगा निलेश माझ्या उशाशी बसला होता. तो घराबाहेर गेला नाही.'

सरांनी पान माझ्या हातातून घेतलं, वाचलं, परत दिलं.

बाहेर बाकावर निलेशची आई बसली होती, डबा मांडीवर. आम्हाला बघून उठली.

"गावलो काय गो तो चार नंबरवालो?" तिने विचारलं. "नाव तेवढा सांग. मी हात जोडतंय तेका."