माळ्यावरचा म्हातारा

ती घटना आठवली की आजही मान आपोआप मागे वळते. पोलिसाला भूत आणि पुढारी, दोघांशीही जमवून घ्यावं लागतं, असं मी गमतीनं म्हणत असे. त्या दिवशी मात्र गंमत सुचली नाही.

नव्वदच्या दशकात मी आंबेगाव तालुक्यात नेमणुकीला होतो. पश्चिमेच्या डोंगरात, जंगलाच्या कडेला पहिल्यांदा वस्ती केलेल्या कुटुंबांना सरकारनं कसायला जमिनी दिल्या होत्या. विकायची नाही आणि पडीक ठेवायची नाही, एवढी अट. अशाच एका म्हाताऱ्याचा शेजारी सकाळी ठाण्यात आला. बसायला सांगितलं तरी बसेना.

"सायेब, म्हातारा रोज भाताच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर बसलेला दिसतोय. पण खोकत न्हाई."

"बरा झाला असेल की."

"जलमभर खोकत व्हता. त्याच्या खोकल्यावर आमी उठायचो. आन् त्याचा पोरगा माळ्याजवळ कुणालाच जाऊ देत न्हाई."

ठाणे डायरीत नोंद करून हवालदाराला घेऊन निघालो. जीप सोडून पायवाट धरली. धुकं एवढं, की पुढं चालणारा हवालदार आवाजावरूनच कळत होता. मध्येच ते विरळ झालं आणि माळ्यावर, म्हणजे राखणीच्या उंच मचाणावर, म्हातारा दिसला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं, शेजारी काठी. मी हाक मारली. वाऱ्यानं घोंगडी हलली, पण माणूस हलला नाही. हवालदार रामनाम पुटपुटायला लागला. त्याला दटावून मी शिडी चढलो. घोंगडी ओढली तर आत नुसता पेंढा.

मुलाला आणि सुनेला वेगवेगळं विचारलं. मुलगा म्हणाला, म्हातारा पाहुण्यांकडं डिंगोऱ्याला गेलाय. सुनेनं वारूळवाडीचं नाव घेतलं. माझा खुनाचा संशय बळावला. मुलाला पुन्हा उलटसुलट विचारलं. तो डिंगोऱ्याचंच नाव घेत राहिला.

सून पाणी आणायला निघाली. शेताच्या कडेला हिरड्याच्या झाडाखाली त्यांच्या पूर्वजांचे दगड होते. घरातलं कुणी गेलं की त्याच्या नावाचा दगड तिथं मांडायची त्यांची रीत. जुन्या दगडांजवळून ती सहज पुढं गेली. शेवटच्या दगडापाशी मात्र तिनं पटकन डोक्यावर पदर ओढला आणि खाली मान घालून कडेनं गेली.

"बाई," मी विचारलं, "सासऱ्यापुढं असाच पदर घ्यायचात ना?"

ती मटकन खाली बसली.

मुलगा धावत आला आणि सगळं बोलला. म्हातारा झोपेतच गेला होता. पण जमिनीवर डोळा ठेवून असलेला एक दलाल त्यांना सांगत फिरायचा, की ज्याच्या नावानं जमीन दिली तो मेला की ती सरकारजमा. म्हणून बापाला गुपचूप त्या दगडाखालीच पुरलं आणि माळ्यावर पेंढा बसवला.

"रडायला बी भ्यालो, सायेब. आवाज वाडीत गेला असता."

सरकारपासून त्यांनी मरण लपवलं, पण म्हाताऱ्याला दगडाविना ठेवणं त्यांच्यानं झालं नाही.

तहसीलदारांसमोर प्रेत उकरून पंचनामा झाला. डॉक्टरांना घातपाताची खूण सापडली नाही. मग तहसीलदार म्हणाले, "अरे, बंदी विकायला आहे. जमीन वारसानं तुलाच मिळते. नुसती नोंद लावायची." मुलगा कितीतरी वेळ माळ्याकडं बघत राहिला. त्या दलालाला ठाण्यात बोलावून मी काय सुनावलं, ते छापण्याजोगं नाही.

गुन्हेगाराची भीती ओळखायला खात्यानं मला शिकवलं होतं. निरपराध माणसाची भीतीही हुबेहूब तशीच दिसते, हे या प्रकरणानं शिकवलं. पुढं कुणाची जीभ अडखळली की मी आधी विचारायचो, तुला कुणी काय सांगितलंय?

त्या दिवशी पंचनामा आटोपून आम्ही निघताना सून पुढं आली.

"सायेब, आता रडलं तर चालंल का?"

मी मान हलवली.

जीपपाशी पोचलो तरी धुक्यातून तिचा टाहो ऐकू येत होता. हळूहळू वाडीतले आवाज त्यात मिसळले. हवालदारानं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.