वरतून पाणी

आर्वीहून आमच्या कॉलेजची अभ्यास सहल महाडला निघाली, समतेचा लढा आणि नेतृत्व शिकायला, आणि मी तिची लीडर निवडून आले. दोन मतांनी, त्यातलं एक माझंच. चवदार तळ्याच्या काठावर लीडरनं पाच मिनिटं बोलायचं होतं. त्या भाषणासाठी मी जीव टाकत होते. बाबांना व्हिडिओ पाठवायचा होता आणि त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर आधीच दवंडी पिटली होती.

आईनं बसमध्ये वीस लिटरची कॅन चढवली. "बाहेरचं पाणी पिऊ नको. अन् पोरायले बी हेच देजो."

चाळीस जण आणि गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, एकच. मी कायदा केला: गडव्याला तोंड लावायचं नाही, हातही फक्त माझाच. एका हातानं बसचा दांडा धरून मी ज्याच्या त्याच्या ओंजळीत वरतून धार सोडायचे. खड्डा आला की धार नाकात. रोहणा गावचा माझा मित्र चिंब भिजला. "काऊन वं, गडवा हातात दे ना!"

"उष्टा करशील," मी म्हटलं. सर घोरत होते, नाहीतर त्यांनाही ओंजळ धरायला लावली असती.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर पोचलो. तिथल्या माहिती देणाऱ्या बाई सांगू लागल्या. पूर्वी आपल्या लोकांना पाणवठ्याला हात लावायची मुभा नव्हती. कुणाला दया आलीच तर तो वरून धार सोडायचा, खाली ओंजळ धरायची, भांड्याला स्पर्श झालेला चालायचा नाही.

चाळीसच्या चाळीस माना माझ्याकडे वळल्या. गडवा माझ्या काखेत होता. बाईंना काही कळेना.

मित्रानं अगदी गंभीर चेहऱ्यानं ओंजळ पुढे केली. "वाढ माय, पाणी." मग सगळ्यांनीच ओंजळी धरल्या. सरांनीसुद्धा!

मलाही हसू फुटलं, पण हसता हसताच आठवलं. माझे आजोबा लहानपणी असंच पाणी प्यायले होते. आमच्या घरात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला सरळ लाज वाटली.

भाषणाची वेळ आली. मैत्रिणीनं मोबाइल धरला आणि मला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. शेवटी म्हटलं, "मी कालपासून तुम्हाले वरतून पाणी पाजून राह्यली. माह्या आजोबाले गावात असंच पाजत होते. चुकलं माह्यं." आणि गडवा मित्राच्या हातात दिला. तो तोंड लावून गटागटा पाणी प्यायला आणि त्यानं गडवा पुढच्याला दिला. भाषण एवढंच झालं.

तो व्हिडिओ बाबांना पाठवावा की नाही, हे संध्याकाळपर्यंत ठरेना. अखेर पाठवला. लगेच त्यांचा फोन आला, पण पलीकडून नुसतेच हुंदक्यांसारखे आवाज. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"आजोबा असते तं पोट धरून हसले असते," शेवटी ते म्हणाले. "थांब जरा. त्यायच्या वाटचं मीच हसून राह्यलो."