खंडेनवमीचे व्हॉल्व्ह

ताईच्या ट्रकचं इंजिन जळाल्याचं कळलं तेव्हा मला जे वाटलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. मला आनंद झाला. वाईटही वाटलंच, सख्खी मोठी बहीण आहे ती माझी. पण आतून उकळ्या फुटत होत्या, त्याला मी काय करणार! नोकरीची सगळी वर्षं मी इंजिनांची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. काचेपलीकडून इंजिनं ऐकली, त्यांचे आलेख काढले, अहवाल लिहिले. एक अख्खं इंजिन स्वतःच्या हातांनी खोलून पुन्हा उभं करावं, ही हौस मात्र तशीच राहिली होती. निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणी भिशी लावतात, सहलींना जातात. मला इंजिन मिळालं.

ताईची रोपवाटिका आहे खडकवासल्याच्या पुढे. भावजी गेल्यापासून ती एकटीच सांभाळते, आणि रोपं पोचवायचा छोटा ट्रकही स्वतःच चालवते. त्या उन्हाळ्यात भर रस्त्यात रेडिएटरचा पाइप फुटला. हिला वाटलं, थोडंच तर राहिलंय, पोचू घरी. पोचलीही. इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे धडालाच, मात्र तडा गेला होता. बातमी बंगळुरूला तिच्या मुलापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ‘‘आई, आता बास झालं. ट्रक विकून टाक, जागा भाड्याने देऊ, तू माझ्याकडे ये,’’ असा त्याचा फोन आला. ट्रकला गिऱ्हाईकही त्याने बसल्या जागी शोधून ठेवलं होतं. मुलगा वाईट नाही, काळजीने बोलत होता. ताईने त्याला शब्द दिला, की दसऱ्याला तू ये. ट्रक चालू झालेला दिसला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, आणि नाही झाला तर मी बॅग भरते.

‘‘शब्द देण्याआधी मला विचारायचंस तरी!’’ मी म्हटलं.

‘‘तुला विचारलं असतं तर तू आलेख काढत बसली असतीस,’’ ताई म्हणाली.

भंगार बाजारातून त्याच जातीचं एक जुनं डिझेल इंजिन आम्ही मिळवलं, आरटीओची परवानगी काढली आणि ते सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आणून टाकलं. सोसायटीचे सेक्रेटरी चष्मा लावून त्याच्याभोवती फिरले. ‘‘नियमावलीत इंजिनाला मनाई नाही,’’ ते म्हणाले. मी आभार मानणार तेवढ्यात पुढे म्हणाले, ‘‘परवानगीही नाही. एक ते चार आवाज नको.’’ पार्किंगला लागूनच असलेल्या मागच्या अंगणात ट्रक आला तो ताईच्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून, भल्या पहाटे. ट्रॅक्टरवाल्याने निघताना विचारलं होतं म्हणे, ‘‘ताई, बिरेक तरी हाय का याला?’’ ताई म्हणाली, ‘‘आहे. आणि देवही आहे.’’

नंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. आम्ही दोघी साठीच्या आसपासच्या बायका, जुने पंजाबी ड्रेस घालून, दात घासायच्या ब्रशने डिझेलमध्ये नटबोल्ट धूत बसायचो. सिलिंडरचं बोअरिंग आणि क्रँकचं ग्राइंडिंग बाहेरून करून आणलं. बाकी सगळं आमच्या चार हातांनी. ताईने पिस्टनची जुनी रिंग हातात घालून बघितली, ती कोपरापर्यंत सरकली, मग आम्ही इतक्या हसलो की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी लावून घेतली. लहानपणी भातुकलीत भांडायचो तशा आम्ही पान्यावरून भांडायचो. तिच्या अंगाला डिझेलचा वास यायचा आणि ती दिवसभर गुणगुणायची. भावजी गेल्यानंतर तिला गुणगुणताना मी ऐकलंच नव्हतं. ही बंगळुरूला जाऊन एखाद्या अठराव्या मजल्यावर काय करेल, असा विचार मनात आला की मी नट जरा जास्तच जोरात आवळायचे.

माझा नवरा निवृत्त ऑडिटर. त्याने आयुष्यात स्क्रू पिळलेला नाही. तो गॅलरीत चहा घेऊन उभा राहायचा आणि चौकशी करायचा, ‘‘अजून नुसतंच सुटं आहे, की आता काही हरवलंही?’’

चेन-पुली लावून ब्लॉक ट्रकमध्ये उतरवला. आता फक्त वरचं हेड बसवायचं होतं. त्या हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात, म्हणजे सिलिंडरच्या झडपा. झडप आपल्या बैठकीवर इतकी घट्ट बसली पाहिजे की श्वासही बाहेर जाता कामा नये. त्यासाठी प्रत्येक व्हॉल्व्हला खरखरीत पेस्ट लावतात आणि रबराची वाटी असलेली लाकडी दांडी त्याला चिकटवून, रवीने ताक घुसळावं तशी ती दोन्ही तळव्यांत फिरवतात. घासून घासून तो त्याच्याच बैठकीचा होतो. दुसरीवर बसत नाही. आमचे आठ व्हॉल्व्ह असे घासून तयार होते. अदलाबदल नको म्हणून बाकरवडीच्या रिकाम्या खोक्याला भोकं पाडून, क्रमांक घालून मी ते त्यात ओळीने खोचून ठेवले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही दोघी झेंडू आणायला मंडईत गेलो. परत आलो तर पार्किंगमध्ये रांगोळी. पाटावर धुतलेलं तांबडं वस्त्र. त्यावर नट आवळायचे पाने, हातोडी, पक्कड, सगळं पुसून लखलखीत, हळदकुंकू वाहिलेलं. आणि मधोमध, चिंचेने घासून चकचकीत केलेल्या आठ व्हॉल्व्हचं कमळ.

नवरा हात जोडून उभा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो खाली उतरला होता.

‘‘मोठे चार बाहेर घेतले, लहान चार आत,’’ तो म्हणाला. ‘‘सममिती साधली.’’

मी पाटाभोवती एक फेरी मारली. ‘‘अहो, खोकं कुठाय?’’

‘‘गेलं घंटागाडीत. तेल लागलं होतं, त्यामुळे ओला कचरा की सुका, यावर मी बराच विचार केला.’’

वर्षानुवर्षं ऑफिसात एकही कागद फायलीबाहेर न जाऊ देणारा माणूस! मी त्याला जे सुनावलं ते देवासमोर सुनावायला नको होतं. तो आधी म्हणाला, ‘‘पण मोठे सगळे सारखेच, लहानही सारखेच तर आहेत.’’ मग काय झालंय ते त्याला कळलं आणि त्याचा चेहरा एवढासा झाला. ताई वळली. ट्रकच्या पायरीवर जाऊन बसली. झेंडूची पिशवी मांडीवर तशीच. तिथूनच म्हणाली, ‘‘बॅग कुठली नेऊ गं? माझ्या बॅगची चेन तुटली आहे.’’

 मी ताडकन पुढे झाले आणि पाटावरचा पाना उचलायला वाकले.

‘‘पूजेला लावलेली हत्यारं आज उचलायची नाहीत,’’ नवरा हळूच म्हणाला. ‘‘उद्या उत्तरपूजा झाल्यावर.’’

आमच्या घरात हा नियम पाळतातच. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं तरी मीही पाळते. पण तेवढ्यात ताईचं लक्ष कोपऱ्यात गेलं. व्हॉल्व्ह घासायची ती लाकडी दांडी बादलीत तशीच पडलेली होती. ना हळद, ना कुंकू.

‘‘जावईबापू, हिची पूजा नाही केलीत?’’

‘‘ती?’’ तो म्हणाला. ‘‘ते हत्यार आहे? मला वाटलं, बेसिन तुंबलं की वापरायचं काहीतरी असेल.’’

ताई आधी हसली. मग मी. मग दोघी एकमेकींना धरून हसत सुटलो, डोळ्यांतून पाणी, धाप लागलेली, आणि तो बिचारा मधे उभा. पूजा न झालेली दांडी वापरायला कोण अडवणार? व्हॉल्व्हही पाटावरून घ्यायला हरकत नाही, असा निकाल त्यानेच दिला. ‘‘ते हत्यार नव्हेत, ते आज अलंकार आहेत,’’ म्हणाला.

मग काय, आठही व्हॉल्व्ह पहिल्यापासून घासायला घेतले. एक ते चारच्या मनाईच्या वेळातही खरखरीचा बारीक आवाज चालूच राहिला, तेव्हा सेक्रेटरी तक्रार करायला म्हणून उतरले आणि ‘‘मी बघू का जरा?’’ म्हणत बाही सरसावून बसले. सर्वांत जास्त घासलं नवऱ्याने. तळव्यांना फोड आले तरी दांडी सोडेना. ‘‘माझी नोंद चुकली आहे, मीच दुरुस्त करणार,’’ म्हणत होता. मघाशी याचा गळा धरावासा वाटला होता. आता त्याचे हळदीने पिवळे झालेले हात बघून मला भारी प्रेम आलं त्याच्यावर. संध्याकाळी प्रत्येक बैठकीवर डिझेल ओतून पाहिलं. सात कोरडे ठणठणीत. आठवा पाझरला. ताईने तो घेतला आणि पुन्हा घासला. मग तोही थेंब सोडेना.

दसऱ्याला उत्तरपूजा इतक्या लवकर उरकली की देवालाही कळलं नसेल. हेड चढवलं, मधून बाहेर असे क्रमाने बोल्ट आवळले, व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट लावले. ताईचा मुलगा आला तेव्हा आम्ही दोघी बॉनेटमध्ये डोकं खुपसून डिझेलच्या नळीतली हवा काढत होतो. त्याने वाकून नमस्कार केला आणि तिचे काळे हात बघत राहिला.

ताई चालकाच्या जागी बसली. किल्ली फिरवली. स्टार्टर घुरघुरला आणि थांबला. पुन्हा. पुन्हा नुसतंच घुरघुर.  मी नळी सैल करून उरलीसुरली हवा जाऊ दिली, डिझेल बोटांवर आलं, नळी आवळली. ‘‘मार आता!’’ मी ओरडले. एक खोकला, दुसरा, पांढऱ्या धुराचा लोट, आणि अंगणभर धडधड सुरू झाली! वाळत घातलेले कुणाचे तरी झब्बे धुरात दिसेनासे झाले. सेक्रेटरींनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी नवऱ्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. सदाशिव पेठेत हे सहसा होत नाही. काचेपलीकडून आयुष्यभर ऐकलेला तो आवाज माझ्या तळपायांतून वर चढत होता.

ताईने इंजिन बंद केलं. आम्ही दचकलो. तिने ते लगेच पुन्हा चालू केलं. पहिल्या फटक्यात. मुलाकडे बघत तिने तसं तीनदा केलं, आणि तिसऱ्या वेळी तोही हसायला लागला.

मग माझ्या कानाशी वाकून तो म्हणाला, ‘‘मावशी, परतीची दोन तिकिटं काढून ठेवली होती मी.’’

त्याने खिशातून फोन काढला, आईचं नाव शोधलं आणि तिचं तिकीट रद्द केलं. मग ट्रकचं दुसऱ्या बाजूचं दार उघडून तिच्या शेजारी जाऊन बसला. ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. गिअर टाकत म्हणाली, ‘‘पट्टा लाव.’’