माजिवड्याला उतरायचं होतं

बसमधून वेळेवर उतरण्याचं शास्त्र कुणी लिहायला घेतलंच, तर त्याला आधी माझ्या बायकोच्या थोरल्या काकांची शिकवणी लावावी लागेल. वर्षातून एकदा ते कोकणातून आमच्याकडे डोंबिवलीला येत आणि इथून कल्याण-ठाण्यातल्या तमाम नातेवाइकांना, ते घरी असोत वा नसोत, भेटून येत. तेही बसनेच. रिक्षाचं नाव काढलं की म्हणत, "अहो जावईबापू, रिक्षा फार लवकर नेऊन टाकते. माणसाच्या दारात उभं राहायचं म्हणजे आधी जरा विचार नको करायला?" बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत, आणि उतरायच्या तीन स्टॉप आधीच पिशवी छातीशी धरून दारात उभे राहत. कुणी सरका म्हटलं की "मला उतरायचंय!" असं सगळ्या बसला ठणकावून सांगत. मोबाइलवरचा नकाशा त्यांनी कधी मानला नाही. "ही बाई रस्ता सांगते खरी, पण ती स्वतः कधी कळव्याला गेलीय का?" म्हणून ते रस्त्यावरच्या तीन माणसांना विचारत. कळव्यात एकदा तिघांनी तीन दिशा दाखवल्या, तेव्हा कुणाला वाईट वाटू नये म्हणून काका तिन्हीकडे थोडं थोडं चालून आले आणि पुन्हा पहिल्या माणसाला गाठून "तुमचंच बरोबर होतं हो" असं मुद्दाम सांगून गेले.

फक्त एका घरी ते जात नसत. त्यांचा धाकटा भाऊ माजिवड्याला राहायचा. आई गेली तेव्हा त्याला नोकरीच्या ठिकाणाहून निघून गावी पोचेपर्यंत उशीर झाला, आईचं तोंड काही दिसलं नाही. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा काका नदीवर चारचौघांत म्हणाले, "शिवेल कसा? ज्याची वाट बघत गेली तो वेळेवर आला नाही." धाकटा खाली मान घालून तसाच उठून गेला. त्यानंतर अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मला काकांचा खूप लळा, पण ते वाक्य मी त्यांना कधी माफ करू शकलो नाही.

मागच्या वर्षी धाकटा माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत असल्याचं कळलं आणि काका गावाहून तडक निघून आले. भेटीची वेळ चार ते सहा. मी रिक्षा बोलावली, तर म्हणाले, "आज तर नकोच." एक वाजता निघालो. मी धाकट्या काकूंना फोन करून तसं कळवलं. शिळफाट्याला तासभर अडकून ठाण्यात पोचलो, तिथे बस बदलली. काका खिडकीबाहेर बघत तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होते. माजिवडा आला. काका उठले नाहीत. मी म्हटलं, "काका, आलं." ते म्हणाले, "असू दे. शेवटच्या स्टॉपवरून परत येऊ." घोडबंदर रोडला शेवटपर्यंत गेलो, त्याच बसने परत फिरलो. पुन्हा माजिवडा आला, मेट्रोच्या खांबांखाली बस बराच वेळ उभी राहिली, तरी ते समोरचा दांडा धरून बसून राहिले. "मी काय बोलू त्याच्याशी?" एवढंच म्हणाले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आजोबांना बरं वाटत नाय का?" आम्ही परत ठाणे स्टेशनला. तिसऱ्या खेपेला मी त्यांना दंडाला धरून उतरवलं. हे मी पहिल्याच खेपेला करायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, पण थोरल्या माणसाला ओढायचं कसं म्हणून गप्प बसलो.

सव्वासहा झाले होते. वॉचमन म्हणाला, "काका, टाइम संपला. उद्या या ना चारला." काकांनी वाद घातला नाही. उलट त्यांना थोडं हायसंच वाटलं असावं, असं मला वाटलं. पहाटे पाचला फोन आला.

त्या सकाळी आम्ही माजिवड्याच्या घरी गेलो. काका भावाच्या पायांशी जाऊन बसले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला नावाने हाक मारली. काकू त्यांच्याकडे वळल्या. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही निघालात म्हटल्यावर ह्यांनी उशी उंच करून घेतली. चार वाजले, पाच वाजले, मी म्हटलं, येत नाहीत वाटतं. तर म्हणाले, दादा बसने येतोय, वेळ लागेल त्याला. मला झोप लागली तर उठव."

हे खरंच असं झालं होतं, की त्या माउलीने दिराची दया येऊन जागच्या जागी रचलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. काका त्यानंतर शहरात आले नाहीत. फोनवर अधूनमधून मला विचारतात, "तो खरंच तसं म्हणाला असेल का हो?" मी म्हणतो, "म्हणालेच. काकू खोटं कशाला सांगतील?" मग ते "हो, ते आहेच" म्हणतात आणि फोन न ठेवता बराच वेळ तसेच थांबून राहतात.