अमोआतेंगमामांची वजनं

आमच्याकडे माणसाची मालमत्ता मुलाकडे जात नाही, बहिणीच्या मुलाकडे जाते. त्यामुळे अमोआतेंगमामांची पितळी वजनं माझ्याकडे येणार, हे मी चालायला लागण्याआधीच ठरलेलं होतं. मामा चघळायच्या कोलाच्या बियांचे व्यापारी. उभा जन्म त्यांनी सोन्याच्या भुकटीवर व्यवहार केला. मासा, ढाल, मान वळवून मागे बघणारा पक्षी, अशी ती भुकटी तोलायची बोटाच्या पेराएवढी वजनं ते कातड्याच्या गाठोड्यात ठेवत. सौद्याआधी घेणारा आणि देणारा आपापली वजनं समोरासमोर तोलून बघत. पटली तरच पुढची बोलणी.

मग इंग्रज सरकारचे शिलिंग आले आणि भुकटी बंद झाली. मी कुमासी शहरात एका कंपनीत हिशेबनीस झालो, तेव्हा एक दिवस मामा आमच्या एजिसू गावाहून चालत आले.

"यॉ, पोरा, मी थकलो. वजनं तुझ्या हाती द्यायचीत, पण रीतीनं. दुसऱ्याच्या वजनांशी जुळवून."

"एजिसूत जुळवली असती की, मामा."

"कोणाशी? तिथल्या निम्म्या वजनांच्या बांगड्या झाल्या, उरलेली साहेबांच्या टेबलांवर गेली. आणि न जुळवता दिली, तर उद्या तुला कोणी खोटा म्हणालं की मी कुठून उत्तर देणार?"

बोआचे नावाचे त्यांचे जुने भागीदार कुमासीतच राहत. आम्ही त्यांच्याकडे गेलो. गाठोडं बघून ते हसायलाच लागले.

"अरे म्हाताऱ्या, अजून हे ओझं वागवतोस? माझी कधीच ओताऱ्याला वितळवायला दिली."

"सगळी?"

बोआचे ओशाळले. "एक पक्षी आहे. नातीच्या गळ्यात."

नातीला गोड बोलून पक्षी काढून घेतला. मामांनी तराजू चिमटीत धरला. या दोन पक्ष्यांनी कितीतरी वर्षं समोरासमोर बसून काटा सरळ ठेवला होता. आज मामांचं पारडं खाली गेलं.

"बोआचे, याला भोक पाडलंस?"

"मग दोरा कुठून ओवू?"

मामांनी पारड्यांतून दोन्ही पक्षी काढले. त्यांना बरं वाटावं म्हणून बोआचेंनी कनवटीचे दोन शिलिंग, एक जुना, एक नवा, काढून पारड्यांत टाकले. जुना शिलिंग वर उचलला गेला.

"बघ! खोटं नाणं आहे हे!" मामांचा चेहरा उजळला.

"खोटं कसलं? झिजलंय. त्यावर राजाचं डोकं आहे, बाजारातली बाई तेवढीच केळी देते."

"न तोलता? भरवसा कोणाचा?"

"त्या डोक्याचा."

"तुझी ओळख आहे त्याच्याशी?"

"नाही रे," बोआचे हळूच म्हणाले. "पण आता तेच चालतं."

मामांनी गाठोडं बांधायला घेतलं. मी म्हणालो, "मामा, अशीच द्या. मला चालतील."

"तुला चालतील रे. मला नाही चालणार."

पुढच्या कोनफळांच्या हंगामात मामा गेले. घरच्यांनी बैठकीत गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. तराजू कोणी उचलला नाही. समोर धरायला दुसरी वजनंच नव्हती.

माझी सगळी नोकरी नाणी हाताळण्यात गेली. एकही कधी तोललं नाही. आता निवृत्तीला थोडेच महिने उरलेत आणि माझा भाचा विचारतो, "मामा, ती वजनं मला कधी?"

"देतो," म्हणतो मी. कामानिमित्त ज्या गावी जाईन तिथे अजून चौकशी करतो, मान वळवलेला पक्षी कोणाकडे आहे का. भोक न पाडलेला.