सुपारीच्या संध्याकाळी मागं गेलेलं घड्याळ

संत्र्याचं साल नखानं उचकटलं की मला राजापेठेतल्या आमच्या घरातली ती नोव्हेंबरची संध्याकाळ आठवते. माझ्या लग्नाची सुपारी फुटायची होती, अकोल्याहून सासरची माणसं आली होती आणि नवरदेव अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर येणार होता. वरूडची संत्री सोलून ताटात मांडलेली, लॅपटॉपवर मात्र नुसता काळा चौकोन. तो फोनही उचलत नव्हता. "पोरगा काहून येऊन नाही राहिला?" मामांनी सगळ्यांसमोर विचारलं. होणाऱ्या सासूबाईंनी मान खाली घातली. मी मोबाइलवर त्याच्या शहराची वेळ पाहिली आणि म्हटलं, "मामा, तिकडं आज घड्याळं एक तास मागं केले. तिकडं सकाळ आहे, हा जुनाच हिशोब धरून झोपला असन. येते तासाभरात." कोणालाच पटलं नाही. मी आपलं एक संत्रं खाऊन घेतलं. तासाभरानं तो नवा कुर्ता घालून हजर झाला, वर विचारतो कसा, "मी वेळेवर आलो ना?" मामा म्हणाले, "तुमी वेळेवरच आले जावईबापू, आमीच लवकर बसलो." आता मीही अमेरिकेतच राहते. घड्याळं मागं जातात त्या रविवारी तो मुकाट्यानं एक संत्रं सोलून माझ्यासमोर ठेवतो.